मागल्या दाराचं गाऱ्हाणं

बाबल,

परवा खंडेनवमीला तुझं गाऱ्हाणं मी घातलं. हसू नकोस. तू हसणार हे मला ठाऊक आहे. मान खाली घालून, नाकातून फुर्र करून, माझ्या प्रत्येक गोष्टीला हसायचास तसाच. ज्या साताऱ्याकडच्या माणसाला आजवर धड ‘व्हय म्हाराजा’ म्हणता आलेलं नाही, तो तुमच्या गावच्या देवापुढे नारळ घेऊन उभा राहिला. तुझ्या गाववाल्यांनीच मला पुढे ढकललं. “त्येचो दोस्त तू, आता तूच घाल,” म्हणाले. खरं कारण निराळं होतं. त्यांच्यापैकी कुणालाच त्या जागी उभं राहायचं नव्हतं.

काल दसरा झाला. दर वर्षी दसऱ्याला सकाळीच तू आपट्याची पानं घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभा राहायचास आणि “घे घाट्या, सोना घे, पुढल्या वर्साक बंगलो बांध” म्हणायचास. यंदा तुमच्याकडे सण नाही, म्हणून मीही कुणाला सोनं द्यायला गेलो नाही. कारखान्याला आजही सुट्टीच आहे. उद्या सकाळी मॅनेजरसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलंय. तिथे व्हायचं ते होईल. त्याआधी तुझ्याशी बोलायचंय, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तू मधूनच उठून गेलास. भांडणातून असं उठून जाणं मला मुळीच मान्य नाही.

आधी तुझ्या शोकसभेचं सांगतो. ती तुला ऐकावी लागली नाही, याचा मला हेवा वाटतो. पाळी सुटल्यावर आम्हाला पटांगणात उभं केलं. मॅनेजरसाहेब पायरीवर चढून म्हणाले, “बाबल आपल्या कुटुंबातला माणूस होता. एवढी वर्षं भट्टीवर काम केलं, पण त्याची कधी तक्रार म्हणून नव्हती.” मी बाजूला पाहिलं. तुझ्या खात्यातली सगळी मंडळी जमिनीकडे बघत होती. आपले लेबर ऑफिसर वैद्यसाहेब चष्मा पुसत होते, बराच वेळ पुसत होते. मग दोन मिनिटं स्तब्धता पाळायला सांगितली. या कारखान्यात आपण एरवी दुसरं काय पाळतो, असं माझ्या मनात आलं आणि मीही इतरांसारखाच खाली मान घालून उभा राहिलो.

तक्रार नव्हती म्हणे. मागच्या दाराबद्दल तू काय बोलला होतास ते त्या पायरीवरच्या माणसाने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

ते दार तुला काय सांगायचं? तरी सांगतो, कारण सांगितल्याशिवाय माझाच त्यावर विश्वास बसत नाही. खाडीकडच्या बाजूला आपलं भट्टीखातं. पांढरा रंग चढवलेल्या ताटल्या, चहाचे मग आणि टमरेलं लांब दांड्याच्या काट्यावर धरून तुम्ही भट्टीत सारायचात आणि लाल झाली की बाहेर काढायचात. वर पत्रे, पुढे आग, आणि मागे एक दार, जे उघडलं की सरळ खाडीचा वारा आत. त्या दाराला कुलूप. कारण काय, तर माणसं विडी ओढायला बाहेर जातात आणि मग माल चोरीला जातो. किल्ली मॅनेजरसाहेबांच्या कमरेला. तपासणीला सरकारी साहेब येणार असले की त्या दिवशी दार सताड उघडं, उंबऱ्यावर पाणीसुद्धा शिंपडलेलं. ते साहेब गेले की पुन्हा कुलूप. एरवी भट्टीखात्यातून बाहेर पडायचं, तर पत्रे कापायच्या यंत्रांमधून आणि माझ्या पॅकिंग खात्यातून वळसा घालून मोठ्या फाटकापर्यंत यायचं. आणि तू? जेवायच्या सुट्टीत सगळे पटांगणातल्या झाडाखाली जायचे, तू मात्र डबा घेऊन त्या बंद दाराला टेकून खाली बसायचास. मी किती वेळा म्हणालो, “अरे, बाहेर चल की सावलीत.” तू नुसता हात हलवायचास. मला वाटायचं, कोकणी हेका, दुसरं काय.

तरी मी पुष्कळदा तुझ्याशेजारीच बसायचो, भट्टीकडच्या अंगाला. कारण माझी भाकरी तू भट्टीच्या कडेला ठेवून गरम करून द्यायचास. गावाहून नवा आलो होतो, खोली मिळत नव्हती, तेव्हा कोपरला तुझ्या शेजारची खोली तूच घरमालकाशी गोड बोलून मिळवून दिलीस. माझ्या बायकोला इथलं पाणी मानवलं नाही, तेव्हा पार्वतीवहिनी महिनाभर आमच्याकडे पेज पाठवत होत्या. याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणायची पद्धत नव्हती. आज म्हणतो. तू होतास म्हणून मी या मुलखात टिकलो.

मग आपल्याकडे वैद्यसाहेब आले. पुण्याला शिकलेले, सडसडीत, प्रत्येक कामगाराला ‘अहो’ म्हणणारे. त्यांना वरून एक काम मिळालं होतं. कामगार वरिष्ठांपुढे मोकळेपणाने बोलायला कितपत तयार आहेत, ते मोजायचं. मोजायचं म्हणजे कसं, यावर आपण दोघं डोंबिवली स्टेशनापासून कोपरपर्यंत शेताच्या बांधावरून हसत आलो होतो. तू म्हणालास, “तोंडात पट्टी घालतले नि बघतले, किती उघडता.”

पण त्यांनी खरंच मोजलं. एकेकाला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली. त्या ऑफिसात आपल्याला कधी कुणी खुर्ची दिली नव्हती, त्यामुळे सगळे कडेवर टेकून बसले, जणू ती ओली होती. डोक्यावर पंखा. आणि प्रश्न एकच. कामात काही चुकीचं किंवा धोक्याचं दिसलं, तर वरिष्ठांना सांगाल का? उत्तराच्या पायऱ्या होत्या. नक्की सांगेन, बहुतेक सांगेन, सांगता येत नाही, आणि खाली खाली उतरत ‘मुळीच सांगणार नाही’पर्यंत. मी ‘नक्की’ म्हणून बाहेर आलो. माझ्यामागून तू गेलास आणि बराच वेळ बाहेर आला नाहीस.

आलास तो डोकं खाजवत. “अरे घाट्या, साहेब इचारतत, बोलशात काय? ‘नाय’ म्हटलंय, तर साहेबाक नको तां साहेबाच्या तोंडार बोललंय. म्हणजे बोलणारो झालंय. ‘होय’ म्हटलंय, तर एवढी वर्सां त्या दाराबद्दल एक अक्षर बोलाक नाय. म्हणजे खोटो झालंय. आता तूच सांग, खरां उत्तर खंयचा?”

“मग काय सांगितलंस?”

“होय म्हटलंय नि इलंय. पण आधी इचारलंय, साहेब, तुमी सांगशात तुमच्या साहेबाक?”

“आन् मग?”

“साहेब लाजलो बिचारो. ‘मी नवीन आहे हो,’ म्हणालो.”

तेव्हा किती हसलो आपण. पुढे वर्क्स कमिटीच्या बैठकीत निकाल वाचून दाखवला. सगळ्या कारखान्याने सगळ्यात वरची पायरी गाठली होती. मॅनेजरसाहेब खुश. म्हणाले, “आपले कामगार बोलायला तयार आहेत. कुणी काही बोललेलं नाही. तेव्हा सगळं ठीक चाललंय.” बाबल, या बोलण्यात बोट कुठे ठेवायचं हे मला अजून उमगलेलं नाही. एकेक वाक्य घेतलं तर खोटं काढता येत नाही, आणि सगळी मिळून आपल्या तोंडावर दार बंद करतात. वैद्यसाहेब खाली बघत होते. त्यांनाही ते कळलं असावं, पण निकाल त्यांचाच होता, त्यांना तो खोटा कसा म्हणता येणार?

त्याच वर्षीची खंडेनवमी. यंत्रं थांबलेली, भट्टीच्या कपाळाला हळदकुंकू, झेंडूचे हार, तुमच्या गावच्या देवाची तसबीर मधोमध. सगळे साहेब लोक बूट काढून, हात जोडून उभे. आणि तू नारळ घेऊन पुढे झालास. तोवर आमच्या पॅकिंगची पूजा वेगळी व्हायची, म्हणून मी गाऱ्हाणं तेव्हा प्रथमच ऐकत होतो. माणूस देवाला सगळ्यांदेखत मोठ्याने सांगतो, हे दे, ते सांभाळ, अमुक संकट टाळ, आणि प्रत्येक मागण्याला सगळा जमाव होकार भरतो. आमच्याकडे असं काही नाही. तू कंपनीची भरभराट मागितलीस. “व्हय म्हाराजा!” साहेबांच्या लेकरांना आयुष्य मागितलंस. “व्हय म्हाराजा!” सगळं रीतसर चाललं होतं. मग तू नारळ कपाळाला लावलास आणि आवाज जरासुद्धा न चढवता म्हणालास,

“आणि देवा म्हाराजा, ह्या खात्याच्या मागल्या दाराची किल्ली ज्येच्या कमरेक आसा, त्येका तुझी सुबुद्धी दी, नि खाडीचो वारो तुझ्या लेकरांक मिळू दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” त्या एका हाकेला वरचे पत्रे हादरले. बाबल, तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. केबिनमधल्या खुर्चीच्या कडेवर बसून आलेली हीच माणसं. मी तर इतका भारावलो की आमच्याकडच्या सवयीने, सगळे गप्प झाल्यावर एकटाच ओरडलो, “चांगभलं!” पुढे कितीतरी दिवस मला कुणी नावाने हाक मारली नाही. सगळ्यांनी चांगभलंच म्हटलं.

देवापुढे चिडता येत नाही. मॅनेजरसाहेब हसले, प्रसाद घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून दार उघडं राहू लागलं. थंडी पडेपर्यंत तुम्हाला खाडीचा वारा मिळाला. वैद्यसाहेब तर हरखून गेले होते. कॅन्टीनमध्ये मला गाठून म्हणाले, “सदाशिवराव, माझा प्रश्नच चुकला. माणसाला एकटं बसवून विचारायचंच नाही. कोणत्या मागण्याला किती मोठ्याने होकार आला, ते ऐकायचं. हेच खरं माप आहे!” आणि त्या भल्या माणसाने ते तसंच लिहून वर पाठवलं. यात त्यांचा काडीचाही वाईट हेतू नव्हता. मॅनेजरसाहेबांनी ते वाचलं आणि त्यांना एकच विचारलं, “सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं?”

वैद्यांनी एकही नाव सांगितलं नाही. एवढं त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण दाराला पुन्हा कुलूप लागलं, आधीच्याहून मोठं. आणि पुढच्या खंडेनवमीच्या आधी निरोप आला, गाऱ्हाणं आगाऊ दाखवावं. तुझं गाऱ्हाणं टाइप होऊन, सहीशिक्क्यानिशी मंजूर होऊन परत आलं. देवाशी बोलायला मंजुरी. आपण दोघंही त्यावर हसलो नाही.

त्या वर्षी मी भट्टीच्या मागे नारळ फोडायला बसलेलो. मला दिसत काही नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. मी वाट बघत होतो, आता दाराचं मागणं येईल, आता येईल. तू भरभराट मागितलीस, आयुष्य मागितलंस, आणि सरळ शेवटाला आलास. कागदाबाहेर एक शब्द नाही. होकारही असा, की ओढून आणलेला. माझ्या हातातला नारळ तसाच राहिला.

घरी परतताना मी तुला नाही नाही ते बोललो. “भ्यालास तू. कागद बघून भ्यालास.” तू बांधावर थांबलास. लांब खाडीकडे बघत म्हणालास, “गाऱ्हाणां घालणाऱ्याक कोण काय करता? तो देवाशी बोलता.” आणि पुढे चालू लागलास. मला वाटलं, हा आता वर बढाईसुद्धा मारतोय. दिवाळीपर्यंत आपण कामापुरतं बोललो. मग एके दिवशी सुट्टीत तू माझ्या हातातली भाकरी न विचारता ओढून घेतलीस, गरम करून पुढे ठेवलीस, आणि भांडण आहे तिथेच ठेवून आपण जेवलो.

यंदा गणपतीहून तू परत आलास तोच थकलेला. मी विचारलं, तर म्हणालास भजनांनी जागवलं. भाद्रपदातलं ते ऊन, पत्रे तापून निघालेले. मी पावती घेऊन तुझ्या खात्यात आलो होतो. तू काटा भिंतीला लावून ठेवलास, घाई न करता, आणि त्या दाराशी जाऊन बसलास. म्हणालास, “दार उघडा रे.” एवढंच. कुणीतरी ऑफिसकडे धावलं. मॅनेजरसाहेब कोर्टाच्या कामाला गेले होते, किल्ली त्यांच्याबरोबर गेलेली. कुणी कुलपावर पहार मारली, ते मोठं कुलूप हललं नाही. मग आम्ही तुला उचललं. तुझे पाय माझ्या हातात होते. पत्रे कापायच्या यंत्रांमधून आडवं होत होत, पॅकिंगच्या खोक्यांवरून, माणसं बाजूला सारत. तो वळसा मी रोज चालतो, पण त्या दिवशी तो संपेच ना. वाटेत कुठेतरी तुझे पाय जड झाले. कुठे ते मला माहीत आहे, आणि मी रोज तिथूनच जातो.

डॉक्टर म्हणाले, हृदय. मी विचारलं, दार उघडं असतं तर? ते म्हणाले, “तसं सांगता येत नाही.” वैद्यसाहेबांच्या पायऱ्यांमधली मधलीच पायरी. पार्वतीवहिनींनी रडणं आवरून मला एकच विचारलं, “भावजी, शेवटाक त्यांका वारो लागलो काय?” फाटकापाशी थोडा वारा होता, म्हणून मी होय म्हणालो. तो तुला लागला की नाही, मला माहीत नाही रे.

मग परवाची खंडेनवमी. तोच टाइप केलेला कागद माझ्या हातात दिला, फक्त वर्ष बदललेलं. तुला खोटं सांगत नाही, तो वाचून मोकळं व्हायचं असं ठरवूनच मी घरातून निघालो होतो. घरी खाणारी तोंडं आहेत, मुलगी शाळेत आहे. मी नारळ घेतला आणि तू उभा राहायचास त्या जागी तसबिरीसमोर उभा राहिलो. भरभराट मागितली. होकार आला. आयुष्य मागितलं. होकार आला. आणि माझं लक्ष तसबिरीच्या काचेकडे गेलं.

त्या काचेत माझ्यामागचं सगळं खातं दिसत होतं, बाबल. आणि सगळे मुकादम दिसत होते. ते खांबाखांबाशी उभे होते, देवाकडे पाठ करून, माणसांकडे तोंड करून. कुणाचं तोंड किती उघडतं ते बघत. गेल्या वर्षी मुकादम उभे होते हे माझ्या कानावर आलं होतं, पण मुकादम कुठेही उभे असतात, मी त्याचं काही मनावर घेतलं नव्हतं. त्यांच्या पलीकडे, काचेच्या अगदी कोपऱ्यात, मागलं दार आणि ते कुलूप.

गाऱ्हाणं घालणाऱ्याला कोण काय करतो? तो देवाशी बोलतो. धरले जातात ते होकार भरणारे. हे पुढचं वाक्य तू बांधावर गिळलंस. तू ते मागणं केलं असतंस, तर या माणसांना होकार भरावाच लागला असता, देवापुढच्या मागण्याला मुकं कोण राहील? आणि भरला असता तर मोजले गेले असते. म्हणून तू कागद वाचलास आणि माझ्याकडून भित्रा म्हणवून घेतलंस. तुझं बरोबर होतं. पण तरी माझं भांडण आहेच. मला का नाही सांगितलंस? मी तुझा कोण होतो मग? एवढं मोठं ओझं एकट्याने छातीवर घेऊन फिरलास, आणि वर माझी भाकरी गरम करत राहिलास. याचा मला राग आहे आणि तो जाणार नाही.

तिथे उभ्या उभ्या माझी पुरती कोंडी झाली. बोलावं तर मागच्यांचा गळा अडकतो. न बोलावं तर हातात अजून तुझ्या पायांचं वजन आहे. कागदातली शेवटची ओळ तेवढी उरली होती. मी कागद नारळाखाली धरला आणि तुमची मालवणी मला येत नाही म्हणून माझ्याच भाषेत ओरडलो,

“देवा, हितल्या मागल्या दाराची किल्ली ज्याच्या कंबरंला हाय, त्याला बुद्धी दे, आन् माझ्या दोस्ताला ज्या वाटंनं न्यायला पायजे व्हतं, ती वाट उघडी कर रं म्हाराजा!”

आणि कुणाला श्वास घ्यायलाही सवड न ठेवता त्याचा होकार मीच भरला. म्हणायचं होतं ‘व्हय म्हाराजा’. तोंडातून गेलं, “चांगभलं!”

मागून कुणीतरी नाकातून फुर्र केलं, अगदी तुझ्यासारखं. माझे डोळे भरून आले, कागदावरचं काही दिसेना, पण शेवटची ओळ पाठ होती. कंपनीतल्या सगळ्या लहानथोरांना सुखी ठेव रे महाराजा.

“व्हय म्हाराजा!”

बाबल, पत्रे हादरले. वरच्या तुळईवरची कबुतरं फडफडत उडाली. भट्टीवरचे हार हलले. त्या पहिल्या वर्षीचा आवाज याच्यापुढे काहीच नव्हता. म्हातारे, तरुण, माझ्या पॅकिंगमधले घाटी, सगळे. सगळ्यांना सुखी ठेव म्हटल्यावर होकार भरला, तर कुणाला काय बोलणार? मुकादम नुसते इकडून तिकडे बघत राहिले. सगळीच तोंडं उघडी होती.

प्रसाद वाटताना मॅनेजरसाहेबांनी वैद्यांना माझ्यासमोरच विचारलं, “त्या मधल्या ओळीला कोण कोण ओरडलं?” वैद्यसाहेबांच्या हातात पेन्सिल होती. ती त्यांनी खिशात ठेवली. “कुणीच नाही, साहेब. मी नीट ऐकत होतो. सदाशिवराव एकटेच.”

“आणि शेवटच्या ओळीला?”

“सगळेच. तुम्हीसुद्धा, साहेब.”

मॅनेजरसाहेबांनी किल्ल्यांचा जुडगा कमरेला नीट खोवला आणि मला म्हणाले, सुट्टी संपली की सकाळी ऑफिसात या. वैद्यसाहेब जाताना माझ्याजवळ क्षणभर थांबले. म्हणाले, “बाबलने मला एक विचारलं होतं. मी आता नवीन राहिलो नाही.” त्यांनाही उद्या बोलावलंय की काय, ते मला कळलेलं नाही.

सगळे गेल्यावर तुझ्या वाटणीचं खोबरं घेऊन मी मागल्या दाराशी गेलो. कुलूप आहे तसंच आहे. खोबरं उंबऱ्यावर ठेवायला तुझ्या जागी खाली बसलो, दाराला पाठ टेकून, तू बसायचास तसा. आणि कमरेशी गार लागलं. दाराच्या खाली बोटभर फट आहे. इतकी वर्षं तुझ्याशेजारी जेवलो, पण भट्टीकडच्या अंगाला बसायचो, मला ते कधी कळलं नाही. अगदी थोडासा, पण खाडीचा वारा येतो तिथून. वहिनींना हे सांगायला हवं. शेवटी तू तिथेच बसला होतास.

उद्या सकाळी ऑफिसात जायचंय. जेवायच्या सुट्टीपर्यंत मला आत ठेवलं, तर डबा घेऊन मी तिथेच बसेन.

तुझा,
सदा घाटी